माझं नाव जत्रेनंतर

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी गोदूताईंचं नाव सांगतो. आई-वडिलांचं ऋण निराळं, त्याला या पंगतीत बसवू नये. पण आमच्या घरात माझ्याआधी कुणाला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि मी पुढे बी. ए. झालो, मास्तर झालो, जन्मभर खडू हातात धरून पोट भरलं, त्याची सुरुवात उदगीरमधल्या एका सरकीच्या वखारीत गोदूताईंच्या समोर झाली. त्यांच्याकडे मी फार काळ नव्हतो. श्रावणात गेलो आणि ज्वारीची रास घरात येईपर्यंत तिथे शिकलो, नंतर मला सरकारी शाळेत घातलं. एका हंगामाची शाळा ती. पुढे मी कितीतरी शाळा पाहिल्या, काहींत शिकलो, काहींत शिकवलं, पण डोळे मिटले की मला शाळा म्हणून ती वखारच दिसते.

तेव्हा राज्य निजामाचं होतं. पुढची धामधूम अजून सुरू व्हायची होती. उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात मोडत होता. आमचं घर गावाच्या कडेला, किल्ल्याच्या अंगाला होतं, मातीच्या भिंतींचं आणि माळवदाचं. पलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे आमचं रान. पहाटे मला जाग यायची ती जात्याच्या घरघरीनं. माय दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा झोपायचो, आणि जातं फिरे तशी तिची मांडी हलायची. मग मशिदीतली बांग ऐकू यायची, मागोमाग बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि ऊन वर आल्यावर स्टेशनावरच्या गाडीची शिटी. बा शिटीवरून वेळ ओळखायचा. गाडीला उशीर झाला की आमच्या घरी न्याहरीलाही उशीर व्हायचा. न्याहरी म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, आणि पावसाळ्यात अंबाडीची भाजी. माय त्या भाजीवर लसणाची फोडणी ओतायची तेव्हा होणारा चर्र आवाज मला आजही गाण्यासारखा वाटतो. आता माझी सून तीच भाजी करते, चांगली करते, पण गॅसवर तो आवाज निघत नाही, की माझ्या कानांनाच आता तो ऐकू येत नाही, कोण जाणे.

या घरात मी मुलगी म्हणून वाढत होतो. माझ्याआधी मायला झालेले दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. माझ्या वेळी पोटुशी असताना तिनं माळेगावच्या खंडोबाला नवस बोलला होता, की मुलगा झाला आणि जगला तर त्याचं जावळ तुझ्याच दारात काढीन, आणि तोवर त्याला मुलगा म्हणणार नाही, मुलाचं नाव तोंडातून काढणार नाही. त्यामुळे माझ्या डोक्याला कात्री लागलेली नव्हती. केस पाठीवर आले होते, त्यांची वेणी घातलेली असायची. नाक टोचलं होतं. अंगात परकर-झंपर. आणि नाव सोनी. यमाला वाटावं की ही पोरगी आहे, हिच्यावर कशाला नजर टाकायची, असा त्यातला डाव. माझी थोरली बहीण, अक्का, एकदा हसत म्हणाली होती, “मंजी यमाला पोरी नको असत्यात व्हय माय?” तर मायनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. मी मुलगा आहे हे मला ठाऊक होतं, गल्लीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. अशी नवसाची लेकरं त्या काळी गावोगाव असत. फक्त ते बोलायचं नसे.

गोदूताईंची ओळख गावात ‘मुलं बसवणारी बाई’ अशी होती. त्या लहान वयात विधवा झाल्या होत्या. तांबडं आलवण नेसायच्या, कपाळ मोकळं, आणि पदर डोक्यावरून पुढे इतका ओढलेला की चेहऱ्याची निम्मीच बाजू दिसायची. त्यांचे वडील गावोगाव फिरून शिकवणारे पंतोजी होते, त्यांनी मुलीलाही लिहायला शिकवून ठेवलं होतं. नवरा गेल्यावर दिरांच्या घरी राबण्यापेक्षा आपण आपलं काही करावं, म्हणून त्यांनी शिवअप्पा आडत्यांकडे त्यांची रिकामी वखार मागितली. अप्पांची नातवंडं घरभर धिंगाणा घालत होती, त्यांना कुणीतरी बसवायला हवंच होतं. तिथे ताईंनी बिगरीचा वर्ग सुरू केला. सरकारी शाळेत जाण्याआधी मुलांनी बसायला शिकावं, अक्षरं गिरवावीत, एवढाच त्याचा उद्देश.

मला तिथे घालायचं बानं ठरवलं. रानात एका गड्याच्या पोराला साप चावला होता, तेव्हापासून माय मला रानात न्यायला घाबरायची, आणि अक्का भांगलायला जायला लागल्यावर मला घरी सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. मायनं मला कडेवर घेतलं, वखारीच्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, ह्ये लेकरू तुमच्याजवळ बसू द्या. लई गरीब हाय, काय तरास देत न्हाई.”

“नाव काय हिचं?” ताईंनी विचारलं.

“सोनी.”

“वडिलांचं नाव?”

 नवऱ्याचं नाव माय कसं घेणार? तिनं पदर तोंडात धरला आणि मला चिमटा काढला. मी ओरडून सांगितलं, “मारुती!” सगळी मुलं हसली. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “शाबास. नाव असंच सांगायचं, लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं.” आणि मला मुलींच्या सतरंजीवर, सुभद्रा नावाच्या एका तेल्याच्या मुलीशेजारी बसवलं.

तिथे आम्ही काय शिकलो, हे आज आठवायला बसलं की अक्षरं फार मागून येतात. आधी बसायला शिकलो. मांडी घालून, शेजारणीच्या परकरावर न बसता. मग वाट पाहायला शिकलो. कोपऱ्यात रांजण होता, त्यावर लाकडी झाकण. पाणी ताई स्वतः वरून ओंजळीत घालायच्या, आणि पुढच्याची ओंजळ रिकामी होईस्तोवर मागच्यानं उभं राहायचं. हे मला सगळ्यांत जड गेलं, कारण घरी मी लाडाचा, मला मागायच्या आधी मिळायचं. त्या ओंजळींमध्येही गावातल्या सगळ्याच मुलांच्या ओंजळी नव्हत्या. काही वस्त्यांतली मुलं त्या उंबऱ्यापर्यंत येतच नव्हती. ते मला तेव्हा दिसलं नाही. मोठेपणी, स्वतःच्या वर्गात हजेरी घेताना दिसलं.

मग धूळपाटी आली. फळीवर विटेची तांबडी भुकटी पसरायची, बोटानं ‘ग’ काढायचा, चुकला की फळी हलवून पुन्हा कोरी करायची. ताई म्हणायच्या, “चुकलं तर रडायचं नाही. हलवायचं.” मोजायला चिंचोके होते. मुलं ते गुपचूप भाजून खायची, म्हणून आमच्या बेरजा रोज वेगळ्या यायच्या. संध्याकाळी परवचा व्हायचा, एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यामागे ओढायचं. महिने आम्ही दोन तऱ्हांचे शिकलो. चैत्र-वैशाख घरचे, आणि आजूर, दै, बहमन, इस्फंदार हे सरकारचे. आमच्या डोक्यात त्यांची फार सरमिसळ व्हायची. सुभद्रा बरेच दिवस ठामपणे सांगायची की दिवाळी बहमनात येते, कारण बहमन म्हणजे बामण आणि बामण फराळाला येतात. निजाम हुजुरांना दीर्घायुष्य मिळावं अशी एक उर्दू प्रार्थनाही आम्हाला पाठ होती. तिचा अर्थ ताईंनाही पुरता ठाऊक नसावा, पण चाल सुंदर होती आणि आम्ही ती डोळे मिटून म्हणायचो.

आणि रोज सकाळी नावं सांगायची. ताई हजेरी पुकारत नसत. एकेकानं उभं राहायचं आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मोठ्यानं सांगायचा. बसवा म्हणून शिवअप्पांचा नातू होता, घरी कानडी बोलणारा, दांडगा. तो असा ओरडायचा की वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. माझी पाळी आली की मी म्हणायचो, “सोनी मारुती, राहणार उदगीर, तालुका उदगीर, जिल्हा बीदर.” आवाज निघायचा, पण पहिल्या शब्दाला जरा अडखळायचा.

माझं गुपित फुटलं ते सुभद्रेमुळे. मधल्या सुट्टीत मुली निंबाच्या पलीकडच्या भिंतीआड जायच्या, मीही त्यांच्याबरोबर जायचो. घरी अक्काबरोबर जायचो तसाच. एके दिवशी सुभद्रा धावत वखारीत आली, धापा टाकत, आणि सगळ्यांसमोर ओरडली, “ताई, ओ ताई! सोनी उभी राहून करायली!”

मुलांची जी हसाहस उडाली ती थांबेना. मी भिंतीआडच बसून राहिलो, परत यायची हिंमत होईना. शेवटी ताई आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. परकराची नाडी नीट बांधून दिली, बोट धरून आत आणलं आणि त्याच जागी, सुभद्रेशेजारी बसवलं. संध्याकाळी माय न्यायला आली तेव्हा तिला थांबवून घेतलं.

“सोनीच्या आई, मला आधी सांगायला हवं होतंत.”

मायच्या डोळ्यांतून धाराच लागल्या. “पाया पडते ताई. दोन लेकरं मातीत घातले मी. ह्यो तिसरा. नवस बोलले हाय, जावळ निघूस्तोवर ह्याला पोरगा म्हनायचं न्हाई, ह्याचं नाव घ्यायचं न्हाई. नाव ठिवलंय, पर ते फक्त ह्याच्या बाच्या आन्‌ माज्या कानात हाय. तुमी ह्याला काढून टाकू नका.”

गोदूताईंचा नवसावर विश्वास होता की नव्हता, मला कधीच कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “जत्रा कधी आहे?”

“येळवशीच्या सणाच्या वख्ताला, मार्गशीर्षातल्या अवसंला.”

“मग तोवर बसू दे बसतो तिथंच.” दुसऱ्या दिवशी सकाळी, नावं सांगायच्या वेळी, त्यांनी सगळ्या मुलांना सांगितलं, “याचं नाव आपल्याला जत्रेनंतर कळणार आहे. तोवर कुणी विचारायचं नाही आणि कुणी चिडवायचं नाही. हा उभा राहील, नाव सोडून बाकीचं सांगेल.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “खोटं सांगायचं नाही आणि आईचं मोडायचंही नाही. जमेल ना?” मी मान हलवली. त्या दिवसापासून मी उभा राहून “राहणार उदगीर” इथूनच सुरुवात करायचो. अडखळणं थांबलं.

बसवानं चिडवायचं सोडलं नाही ही गोष्ट वेगळी. ताईंची पाठ वळली की तो माझी वेणी ओढून “ए सोन्याबाई, तुला नवरी करून न्यायची का?” म्हणायचा. पण मुलींच्या सतरंजीवर माझं चांगलं चाललं होतं. मी सागरगोटे झेलायला शिकलो, फुगडी शिकलो, भादव्यात भुलाबाईची गाणी शिकलो. सुभद्रा मला फुगडीत गरगर फिरवायची आणि मध्येच हात सोडून द्यायची. आमच्या घराण्यात सागरगोटे खेळता येणारा पुरुष मी एकटाच असेन. पुढे माझ्या मुलीला आणि नातीला मीच शिकवले.

दसऱ्यानंतर ज्वारीची राखण आणि हरभऱ्याची पेरणी यात माय इतकी गुंतली की पहाटेच रानात जायची. माझी वेणी घालायला कुणी उरलं नाही. दोन-तीन दिवस मी तसाच पिंजारलेला वखारीत गेलो. एके दिवशी ताईंनी मला जवळ बोलावलं. कनवटीतून एक जुनी लाकडी फणी काढली, काळपट, दोन दात मोडलेली, आणि मला पुढ्यात बसवून केस विंचरायला घेतले. गुंता सोडवताना त्या केस मुळाशी एका हातानं घट्ट धरायच्या, म्हणजे ओढ बसू नये. माय तशी धरत नसे. फणी खाली जायची आणि त्या थांबायच्या, पुन्हा वरून सुरू करायच्या. विंचरून झालं तरी वेणी घालायची घाई करत नसत. मला त्यात झोप यायची. रोज सकाळी नावं सुरू होण्याआधी हे चालायचं, जत्रेला निघेपर्यंत. ज्यांच्या डोक्यावर कधी एक केस कुणी पाहिला नाही त्यांच्या कनवटीला फणी कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला वाटायचं, सगळ्या बायांकडे असते तशी त्यांच्याकडे आहे.

दिवाळी उलटली आणि वर्दी आली की तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब मुआइन्याला येणार. मुआइना म्हणजे तपासणी. खाजगी वर्गाला सरकारची परवानगी लागायची आणि ती त्या साहेबांच्या शेऱ्यावर होती. शेरा वाईट पडला तर वखारीला कुलूप. शिवअप्पा फार घाबरले. त्यांच्या आडतीचाही सरकारशी रोजचा संबंध. ते ताईंना म्हणाले, “सगळं ठीक हाय ताई, पण ते वेणीवालं पोरगं त्या दिवशी नको. साहेब विचारतील, हे काय नाटक. घरी ठेवू द्या त्याला.” मायलाही तेच बरं वाटलं. ती म्हणाली, “एका दिवसानं काय बिघडतंय? म्या रानात नेते त्याला.”

“नाही,” ताई म्हणाल्या. “तो इथं रोज येतो. ज्या दिवशी शाळा दाखवायची त्या दिवशी तो का नको?”

त्या दिवशी वखार शेणानं सारवली होती. आम्हाला गुळाचा वास येत होता, कारण अप्पांनी साहेबांसाठी पेढे आणि आमच्यासाठी गूळ-शेंगदाणे आणून ठेवले होते आणि आमचं सगळं ध्यान तिकडे होतं. साहेब टांग्यातून उतरले. काळी शेरवानी, लाल रुमी टोपी, चष्मा. पाठीमागे पिशवी घेतलेला चपराशी. आम्ही प्रार्थना म्हटली. साहेबांनी चिंचोके मोजायला लावले, अक्षरं पाहिली, महिने ऐकले. सुभद्रेनं बहमन बरोबर जागी म्हटला. साहेब खूश दिसत होते. माय रान सोडून आली होती आणि दाराबाहेर भिंतीला चिकटून उभी होती, मला तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. सगळं पार पडलंच होतं. साहेब निघायला वळले, तोच बसवा उभा राहिला आणि नाव सांगावं तितक्या मोठ्यानं ओरडला, “साहेब, ती पोरगी न्हाई! ती पोरगा हाय!”

साहेब थांबले. “क्या मतलब?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. “लड़का है? तो लड़कियों में क्यों बैठा है? और ये बाल?”

शिवअप्पांनी हात जोडले. “नवसाचं लेकरू हाय साहेब, अडाणी लोक... आत्ता करतो, आत्ता. समोरच हजाम बसतो. ए, बोलाव रे त्याला! इकडं चहा घेस्तोवर लड़का बनवून देतो साहेब.” आणि त्यांनी पुढे येऊन माझी वेणी धरली. बाहेरून मायचा आवाज आला, शब्द नव्हता तो, नुसता आवाज.

मला पुढचं नीट आठवतं, कारण मी खालून पाहत होतो. गोदूताई मध्ये आल्या. अप्पांचा हात त्यांनी बाजूला केला. आलवणातल्या बाईनं परपुरुषाचा हात असा धरून बाजूला करणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. त्या म्हणाल्या, “साहेब, नवस त्याच्या आईचा आहे. ती बाहेर उभी आहे. तिला विचारा. ती हो म्हणाली तर कात्री मी आणते. पण विचारल्याशिवाय माझ्या शाळेत कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही.”

“परवानगी जाईल ताई!” अप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

“जाऊ दे गेली तर.”

त्या धावपळीत त्यांचा पदर डोक्यावरून खाली आला होता. आम्ही मुलांनी पहिल्यांदाच त्यांचं डोकं पाहिलं. पांढरट, तुकतुकीत, मानेपाशी वस्तऱ्याचा एक ताजा ओरखडा. एरवी वाऱ्याची झुळूक आली तरी पदर सावरणाऱ्या ताईंनी तो लगेच सावरला नाही. एक हात माझ्या डोक्यावर होता आणि दुसरा अप्पांच्या पुढे आडवा. साहेबांनी नजर खाली केली. चपराशी तोंड फिरवून दाराबाहेर पाहू लागला.  मग ताईंनी सावकाश पदर ओढून घेतला.

साहेब खाली पाहतच म्हणाले, “रहने दो अप्पा. जिसका बच्चा, उसकी मर्ज़ी.”  मग ते माझ्यापुढे वाकले. त्यांच्या शेरवानीला अत्तराचा वास येत होता. “अच्छा, बताओ बेटा. नाम क्या है तुम्हारा?”

आता झाली पंचाईत. सोनी म्हणावं तर ते खोटं, आणि बसवानं ते सगळ्यांपुढे उघडं पाडलेलं. खरं नाव मला माहीतच नव्हतं, आणि असतं तरी मायचा नवस मोडला असता. दाराशी मायनं पदर दातात घट्ट धरलेला दिसला. ताईंनी माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही, काही सुचवलंही नाही. मी रोजच्यासारखा ताठ उभा राहिलो आणि लांबच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “माझं नाव जत्रेनंतर सांगतो. राहणार उदगीर, तालुका उदगीर, जिल्हा बीदर.”

साहेब आधी चकित झाले आणि मग इतके हसले की त्यांना टोपी धरावी लागली. “जत्रे के बाद! अच्छा भई, जत्रे के बाद ही सही!” त्यांनी माझ्या हातावर स्वतःच्या वाट्याचा पेढा ठेवला. मी तो लगेच खाल्ला नाही, पुढची पाळी कुणाची ते पाहत राहिलो. साहेबांनी मग सगळ्यांनाच पेढे वाटायला लावले, आणि गूळ-शेंगदाणे अप्पांकडेच राहिले. परवानगीचा कागद काही दिवसांनी आला. साहेब मात्र पुन्हा आले नाहीत. त्यांची दुसरीकडे बदली झाली, असं अप्पा सांगत.

माळेगावला आम्ही बैलगाडीनं मुक्काम करत करत गेलो. येळवस एरवी रानात करायची असते, पण त्या वर्षी ती वाटेवर, गाडीच्या आडोशाला झाली. घरून आणलेली आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे. जत्रेत घोड्यांची रांग संपता संपत नव्हती आणि भंडाऱ्यानं माणसं पिवळीधम्मक झाली होती. न्हाव्यानं मला बाच्या मांडीवर बसवून वस्तरा चालवला. केस मायनं पदरात झेलले. मग बा उभा राहिला आणि त्या गर्दीत जोरानं हाक मारली, “खंडेराव!” मी मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारतोय म्हणून. माय रडत रडत हसायला लागली. “आरं, तुलाच की लेकरा. तूच की त्यो.”

परत आल्यावर मी सदरा-चड्डी घालून, तुळतुळीत डोक्यानं वखारीत गेलो. बसवानं “टरबूज आलं, टरबूज!” म्हणून स्वागत केलं. मी सवयीनं सुभद्रेशेजारी जाऊन बसलो तर तिनं मला ढकललं. “तिकडं जा. तू आता पोरगा हायस.” मला रडू फुटलं. मुलांच्या सतरंजीवर बसवा होता आणि मुलींच्या सतरंजीवर मला जागा नव्हती. ताईंनी मला त्या दिवशी आपल्याजवळ बसवून घेतलं. थंडी चांगली पडली होती. वखारीच्या पत्र्याखाली माझं डोकं गार पडत होतं, मी दोन्ही हातांनी ते झाकून बसलो होतो. त्यांच्याकडे पाहता पाहता मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, “ताई, तुमालाबी थंडी लागती का हो डोक्याला?”

 त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उलट्या बाजूनं, जिथे खुंट हाताला टोचतात. “लागते रे,” म्हणाल्या. “तुझे येतील लवकर.” आणि आपला पदर लांब करून त्याचं टोक माझ्या डोक्यावर ओढलं. तेवढ्यात नावं सुरू झाली. पदर बाजूला सारून मी उभा राहिलो आणि पहिल्यांदा माझं पूर्ण नाव सांगितलं. कबुतरं उडाली. बसवानंही मान्य केलं की उडाली. ती लाकडी फणी मात्र त्यानंतर मी त्यांच्याकडे कधी पाहिली नाही.

त्यांच्या डोक्याला पहिल्यांदा वस्तरा लागला तेव्हा त्यांना कुणी विचारलं असेल का, हे माझ्या मनात यायला पुष्कळ वर्षं जावी लागली. नांदेडला कॉलेजात असताना, खोलीत एकटा बसलो होतो, आणि अचानक ते वाक्य कानात आलं. विचारल्याशिवाय कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. तेव्हा कळलं की त्या नुसत्या माझ्याविषयी बोलत नव्हत्या. परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी घरी बाला तार केली आणि रात्रीचं जेवण राहू देऊन ताईंना पत्र लिहायला बसलो. त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ अजून आहे. तशीच इथे देतो.

तीर्थरूप गोदूताई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की मी बी. ए.ची परीक्षा पास झालो. आमच्या घरात हा पहिलाच. बाला तारेतलं कुणीतरी वाचून दाखवील, आणि माय ते ऐकून तुमच्याकडेच धावत येईल, म्हणजे हे पत्र पोचायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असेल. तरी मी लिहितो, कारण तुम्हाला मी स्वतः सांगायला हवं.

इथे मोठमोठे प्राध्यापक आहेत, त्यांनी पुष्कळ शिकवलं. पण चुकलं तर रडायचं नाही, हलवायचं, हे मी परीक्षेच्या हॉलमध्ये मनात म्हणत होतो. पुढे मास्तर व्हायचा विचार आहे. माझ्या वर्गात मी कुणाच्या डोक्याला त्याला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

सोबत एक लोकरीची शाल पाठवतो आहे. रंग साधाच घेतला आहे, तुम्हाला चालेल असा. पदराखालून डोक्यावर घ्यावी, कुणाला दिसणार नाही. वखारीत थंडी फार असते आणि ती डोक्याला लागते, हे मला ठाऊक आहे. ज्या दिवसांत माझं डोकं तुमच्यासारखं होतं त्या दिवसांत तुम्ही आपल्या पदराचं टोक माझ्यावर ओढलंत. त्याची फेड या शालीनं होत नाही, पण पाठवल्याशिवाय राहवलं नाही.

ते साहेब पुन्हा आले नाहीत, त्यामुळे त्यांना द्यायचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं. ते आता विद्यापीठाच्या कागदावर छापून येणार आहे. त्यांचा पत्ता मला माहीत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो, लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं:

खंडेराव मारुती, राहणार उदगीर, तालुका उदगीर, जिल्हा बीदर.

तुमच्या सतरंजीवरची,
सोनी